तांबड्या पेशींतील विकरांवर पीएचडी करावी का?

सूरसागरकाठची (प्रश्न)

नमस्कार. मी बडोद्याची. यंदा जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. झाले आणि सीएसआयआरच्या परीक्षेत जेआरएफही (संशोधनासाठीची शिष्यवृत्ती) मिळाली. ज्या मार्गदर्शकांकडे पीएचडीसाठी जागा आहे, त्यांनी तांबड्या रक्तपेशींतील विकरांचा (एन्झाइमांचा), मुख्यतः जी६पीडी (ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजनेज) आणि पायरुव्हेट कायनेज या दोन विकरांचा, विषय सुचवला आहे. नमुने छोटा उदेपूर आणि नर्मदा जिल्ह्यांतील आदिवासी गावांतून गोळा करायचे आहेत, कारण तिथे सिकलसेलची तपासणी होत असली तरी या विकरांकडे फारसे कोणी पाहिलेले नाही, असे त्यांचे म्हणणे आहे.

माझी अडचण अशी की ज्याला सांगावे तो नाक मुरडतो. बरोबरीचे विद्यार्थी जनुक-संपादन आणि कर्करोग यांकडे वळले आहेत. एका परिचित प्राध्यापकांनी तर सरळ सांगितले, की हा विषय १९६० ते १९७० च्या दरम्यान संपला, आता त्यात पाठ्यपुस्तकातील एक प्रकरण तेवढे उरले आहे. शिवाय ज्या पेशीत केंद्रकच नाही, तिच्यात पाच वर्षे शोधण्यासारखे काय असणार, हा प्रश्न मलाही पडतो. दांडिया बाजारातल्या आमच्या आजीचा आक्षेप आणखी वेगळा आहे. ती म्हणते, "रक्तच तपासायचं होतं, तर लॅबचा कोर्स दोन वर्षांत झाला असता की!"

ज्यांनी या विषयात प्रत्यक्ष काम केले आहे, त्यांनी कृपया सांगावे : अख्खी कारकीर्द उभी राहील एवढा हा विषय आहे का, आणि प्रयोगशाळेतला रोजचा दिवस कसा असतो?

---

बर्फाची पेटी

आपल्या आजींना नमस्कार सांगा. माझ्या सासूबाईंनी हाच प्रश्न जवळपास याच शब्दांत मला विचारला होता आणि तेव्हा मला उत्तर देता आले नव्हते. त्यानंतर तीस वर्षे मी हेच काम केले, त्यामुळे आता थोडेफार देता येईल.

केंद्रक नसणे हे या पेशीचे उणेपण आहे असे आपल्याला वाटते, पण संशोधकाच्या दृष्टीने तीच तिची सोय आहे. अस्थिमज्जेतून बाहेर पडून पूर्ण पक्व झालेल्या तांबड्या पेशीत केंद्रक नसते, तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) नसतात, नवीन प्रथिने तयार करण्याची व्यवस्थाही नसते. माहेराहून निघताना जी शिदोरी बांधून मिळाली, तिच्यावरच सुमारे १२० दिवस काढायचे. एखादे विकर मुळातच कच्चे असेल किंवा लवकर झिजणारे असेल, तर त्याच्या जागी दुसरे येत नाही आणि पेशी मुदतीआधीच फुटते. इतर पेशींमध्ये एक वाट बंद झाली तर दुसरी उघडते, त्यामुळे दोष झाकला जातो. इथे झाकायला कोणी नाही. बहुतेक ग्लुकोज ग्लायकोलिसिसच्या वाटेने जाते आणि त्यातून ऊर्जा मिळते. थोडा भाग, साधारण एक दशांश, पेंटोज फॉस्फेटच्या वाटेने जातो आणि त्यातून एनएडीपीएच हा सहायक रेणू मिळतो, ज्याच्या जोरावर ग्लुटाथायोन हे द्रव्य पेशीचे ऑक्सिडीकरणापासून रक्षण करते. या दुसऱ्या वाटेच्या तोंडाशी जी६पीडी बसलेले असते. ते अपुरे असले, की एखादे औषध, एखादा संसर्ग किंवा बाकल्याच्या शेंगांचे जेवण पुरेसे होते आणि दोन-तीन दिवसांत लघवी काळपट होऊन कावीळ दिसू लागते.

हे कळले कसे, त्याची हकीकत आपण मुळातून वाचावी. प्रायमाक्विन हे हिवतापाचे औषध काही जणांचे रक्त का फोडते, हे शोधण्यासाठी अमेरिकेत इलिनॉय राज्यातील स्टेटव्हिल तुरुंगातील कैद्यांवर प्रयोग झाले. १९५४ च्या सुमारास संवेदनशील माणसाच्या तांबड्या पेशींवर किरणोत्सारी क्रोमियमची खूण करून त्या निरोगी माणसाला दिल्या, तेव्हा औषधाने त्याच पेशी फुटल्या. उलट निरोगी पेशी संवेदनशील माणसाला दिल्या, तर त्या टिकल्या. म्हणजे दोष शरीरात किंवा औषधाच्या पचनात नव्हता, पेशीतच होता. १९५६ मध्ये कार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो जी६पीडीचा अभाव असल्याचे दाखवले. प्रयोगाची रचना अतिशय देखणी आहे. तरीही बंदिवासात असलेल्या माणसाची संमती कितपत खरी मानावी, हा प्रश्न मला ते निबंध वाचताना दर वेळी टोचत आला आहे, आणि गावात जाऊन सुई टोचणाऱ्या प्रत्येकाला तो टोचावा.

त्या कामात अर्नेस्ट बॉयटलर नावाचे एक तरुण डॉक्टर होते. बर्लिनमध्ये जन्मलेले, लहानपणीच नाझी राजवटीमुळे अमेरिकेत आलेले. एका विकरावर कारकीर्द उभी राहते का, असे आपण विचारता, यांच्याकडे पाहा. जी६पीडीचे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. म्हणून ज्या स्त्रीच्या एकाच एक्सवर दोष आहे, तिच्या रक्तात सगळ्या पेशी अर्धवट दुबळ्या असतात, की काही पूर्ण चांगल्या आणि काही पूर्ण दुबळ्या अशी मिसळ असते? १९६२ मध्ये बॉयटलर आणि सहकाऱ्यांनी मिसळ असते हे दाखवले. मेरी लायन यांनी उंदरांच्या रंगावरून वर्षभर आधी मांडलेली, मादीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स गुणसूत्र निष्क्रिय होण्याची कल्पना माणसात अशी दिसली, आणि तीही केंद्रक नसलेल्या पेशीत.

दुसरे नाव सॅम्युएल मित्या रापोपोर्ट यांचे. व्हिएन्नात शिकलेले हे गृहस्थ महायुद्धाच्या काळात अमेरिकेत सिनसिनाटीला साठवलेले रक्त अधिक काळ कसे टिकेल यावर काम करत होते. १९५० मध्ये त्यांनी आणि ल्यूबरिंग यांनी ग्लायकोलिसिसच्या हमरस्त्यापासून फुटणारी ती लहानशी वळणवाट दाखवली, जिच्यातून २,३-डीपीजी तयार होते. त्याचा उपयोग काय, हे कळायला आणखी सतरा वर्षे लागली. १९६७ मध्ये राइनहोल्ड आणि रूथ बेनेश या दांपत्याने दाखवले, की हाच पदार्थ हिमोग्लोबिनला ऑक्सिजन सोडायला लावतो. रापोपोर्ट तोवर आपल्या डाव्या विचारांपायी अमेरिका सोडून पूर्व बर्लिनला गेले होते आणि तिथेही तांबड्या पेशींवरच काम करत होते. (त्यांच्या पत्नी इंगेबोर्ग यांना नाझी काळात आई ज्यू म्हणून नाकारलेली डॉक्टरेट २०१५ मध्ये, वयाच्या १०२ व्या वर्षी मिळाली. पीएचडी लांबली म्हणून कुरकुरणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना मी हे ऐकवत असे.)

आता रोजच्या दिवसाबद्दल. सकाळी आलेले रक्त सेल्युलोजच्या छोट्या स्तंभातून गाळायचे, म्हणजे पांढऱ्या पेशी आणि बिंबिका (प्लेटलेट) मागे राहतात. हे काम कंटाळवाणे आहे आणि म्हणूनच लोक ते टाळतात. पण पांढऱ्या पेशींत पायरुव्हेट कायनेज कितीतरी पट जास्त असते, त्यामुळे त्या थोड्या जरी मिसळल्या तरी रुग्णाचा आकडा निरोगी माणसासारखा दिसतो. मग धुतलेल्या पेशी फोडून त्यांचे पाणी करायचे, क्युवेटमध्ये (मोजणीच्या छोट्या पारदर्शक पात्रात) बाकीची द्रव्ये घालायची आणि यंत्रावर ३४० नॅनोमीटरच्या प्रकाशशोषणाची रेषा पाहत बसायचे. जी६पीडीत ती चढते, कारण एनएडीपीएच तयार होत असते; पायरुव्हेट कायनेजमध्ये ती उतरते, कारण जोडीला घातलेल्या दुसऱ्या विकराकडून एनएडीएच खर्च होत असते. शेवटी हिमोग्लोबिन मोजून आकडा दर ग्रॅममागे मांडायचा. आजींच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. लॅबमधला माणूस आकडा देतो. हा आकडा खोटा कशामुळे ठरू शकेल, हे शोधत बसणे आपले काम.

मी खोटा आकडा कसा मिळवला तेही सांगते. सुरुवातीच्या काळात एका शिबिरातून चाळीस नमुने आणायचे होते. रक्त गार राहावे म्हणून मी फार दक्षता घेतली आणि डीप फ्रीजरमधून नुकत्याच काढलेल्या जेलच्या पिशव्यांमध्येच नळ्या खोचल्या. संध्याकाळी पेटी उघडली तर पिशवीला टेकलेल्या नळ्यांतले रक्त गोठून वितळले होते. ढगाळ लाल दिसायला हवे ते काचेसारखे पारदर्शक, चेरीच्या रंगाचे झाले होते. त्यात वेगळी करायला एकही अखंड पेशी उरली नव्हती. पांढऱ्या पेशींतले विकरही त्याच पाण्यात मिसळले होते. तरीही मोहापायी मी ते मोजले आणि आकडे सुरेख आले. मार्गदर्शकांनी वहीत त्या पानावर उभी रेघ मारली. एवढ्या घरांनी विश्वासाने दिलेले रक्त माझ्या अतिकाळजीने वाया गेले, याची खंत अजून आहे. माझे इथले टोपणनाव तिथूनच आले.

---

रक्तपेढीतला

बाईंचे लिहिणे वाचून आनंद झाला, पण मी थोडे पाणी घालणार आहे. मी रोगनिदानशास्त्राचा डॉक्टर असून माझी सगळी नोकरी रक्तपेढीत आणि रक्तविज्ञान विभागात गेली. केवळ विकराची क्रिया मोजून आता प्रबंध उभा राहणार नाही. त्या बाबतीत आपल्या परिचित प्राध्यापकांचे अर्धे म्हणणे खरे आहे. जी६पीडीचे जनुक १९८६ मध्येच वेगळे केले गेले आणि भारतात त्यातील दोषाचे मेडिटरेनियन, केरळ-कल्याण आणि ओरिसा हे प्रकार प्रामुख्याने आढळतात, हेही माहीत आहे. यातल्या "कल्याण"चा अर्थ आपले ठाण्याजवळचे कल्याण, हे पुष्कळ मराठी डॉक्टरांनाही ठाऊक नसते. केरळ आणि कल्याण असे दोन वेगळे प्रकार मानले जात होते. जनुकातला बदल वाचल्यावर ते एकच निघाले. म्हणून मार्गदर्शकांना पहिल्याच बैठकीत विचारा, की क्रियेच्या जोडीने जनुकीय बदलही पाहणार आहोत का. उत्तर नकारार्थी असेल, तर फेरविचार करा.

तरीसुद्धा विषय संपलेला नाही, असे मी का म्हणतो? एक प्रसंग सांगतो. एका मुलाला हिवतापाच्या औषधानंतर रक्त फुटून कावीळ झाली. त्याच आठवड्यात कुठेतरी जी६पीडी तपासले गेले, अहवाल "सामान्य" आला आणि तो कागद आईने जपून ठेवला. वर्षभराने पुन्हा तेच औषध, पुन्हा तीच कावीळ. झाले असे होते, की पहिल्या वेळी दुबळ्या, जुन्या पेशी आधीच फुटून गेल्या होत्या आणि मज्जेने घाईने बाहेर सोडलेल्या कोवळ्या पेशींमध्ये विकर भरपूर असते, म्हणून आकडा चांगला आला. तीन महिने थांबून तपासले असते, तर खरे कळले असते. हे पाठ्यपुस्तकात आहेच, परंतु अहवाल देणाऱ्याच्या टेबलापर्यंत ते पोहोचलेले नाही. व्हायव्हॅक्स हिवतापात प्रायमाक्विन चौदा दिवस देतात, आणि त्याच जातीचे टॅफेनोक्विन हे औषध देण्याआधी तर विकराची क्रिया सामान्याच्या ७० टक्क्यांहून अधिक असल्याची खात्री करावी लागते. बॉयटलर यांचीच ती गाळणकागदावरची चाचणी, ज्यात रक्ताचा ठिपका अतिनील दिव्याखाली चमकला तर ठीक आणि काळा राहिला तर अभाव, ही पुरुषांमध्ये उत्तम चालते. पण बाईंनी सांगितलेल्या मिसळीमुळे वाहक स्त्रियांमध्ये फसते, कारण चांगल्या पेशींच्या चमकेत दुबळ्या झाकल्या जातात. तिथे आकडाच लागतो.

आणखी दोन गोष्टी, ज्या बडोद्यात मला नेहमी विचारल्या जातात. जी६पीडी कमी असलेल्याने उंधियो खावा का? फेव्हिझम, म्हणजे शेंगा खाऊन रक्त फुटणे, होतो तो बाकल्याने; उंधियोतली सुरती पापडी ही वालाच्या जातीची, निराळी वनस्पती आहे. नावांच्या घोळापायी लोकांनी हिवाळा कोरडा काढू नये. उलट ज्याची कोणी चौकशी करत नाही ती गोष्ट म्हणजे डांबराच्या गोळ्या. पेटीत नॅफ्थलीनबरोबर ठेवलेली जुनी दुपटी काढून बाळंतिणीच्या खोलीत तशीच वापरतात आणि जी६पीडी कमी असलेल्या बाळाची कावीळ मेंदूपर्यंत धोका पोहोचेल इतकी वाढू शकते. दुपटी धुऊन, उन्हात टाकून मगच वापरावीत आणि त्या गोळ्या बाळाच्या कपड्यांत ठेवूच नयेत.

रक्तपेढीच्या बाजूनेही काम आहे. आम्ही रक्त सीपीडीए द्रावणात ३५ दिवस आणि तांबड्या पेशी सॅगम या दुसऱ्या द्रावणात ४२ दिवस ठेवतो, मात्र २,३-डीपीजी पहिल्या दोन आठवड्यांतच जवळजवळ नाहीसे होते. दात्यातच जी६पीडी कमी असेल, तर साठवलेल्या पेशी किती टिकतात, हा आमच्या भागात विचारण्यासारखा प्रश्न आहे.

---

परळहून

मी मुंबईत रक्ताच्या आनुवंशिक विकारांवर पीएचडी करतो आहे, चौथे वर्ष चालू आहे. ताई, पैशांचे आधी स्पष्ट सांगतो, कारण मोठी माणसे ते टाळतात. जेआरएफचे दरमहा ३७,००० रुपये आणि घरभाडे भत्ता, दोन वर्षांनंतर ४२,०००. कागदावर ठीक आहे, पण माझे पैसे एकदा काही महिने अडकले होते, तेव्हा हाताशी थोडी शिल्लक असू द्यावी.

विषयाच्या भवितव्याबद्दल एवढेच म्हणेन, की पायरुव्हेट कायनेजचा अभाव १९६१ मध्ये व्हॅलेंटाइन आणि तानाका यांनी वर्णन केला आणि त्यावर विकरालाच चेतवणारे पहिले औषध, मिटापिव्हॅट, अमेरिकेत २०२२ मध्ये मंजूर झाले. ज्या विकाराला साठ वर्षे रक्त चढवणे किंवा प्लीहा काढणे याखेरीज फारसे काही नव्हते, तिथे आता गोळी आहे, आणि ती कोणाला लागू पडेल हे ठरवायला रुग्ण आधी सापडावा लागतो. आपल्याकडे असे कितीतरी रुग्ण "कारण न समजलेला पंडुरोग" या शिक्क्याखाली फिरत असतात.

नोकरीच्या दृष्टीने या पेशीचा व्याप आपण समजता त्याहून मोठा आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत महताब बामजी यांनी तांबड्या पेशींतील ग्लुटाथायोन रिडक्टेज या विकरावरून शरीरातील रायबोफ्लेविनची (ब२ जीवनसत्त्वाची) स्थिती ओळखता येते, हे १९६० च्या दशकाच्या अखेरीस दाखवले. म्हणजे पोषणाचे क्षेत्र खुले आहे. शिशाची बाधा एएलए डिहायड्रटेज या विकरावरून कळते, फवारणीच्या औषधाची विषबाधा तांबड्या पेशींच्या कोलिनेस्टरेज या विकरावरून. आणि ज्या यंत्रणेमुळे हर्श्को, चिखानोव्हर आणि रोझ यांना २००४ चे नोबेल मिळाले, ती यूबिक्विटिनची, म्हणजे नको असलेल्या प्रथिनांवर खूण करून ती मोडणारी, यंत्रणा सशाच्या कोवळ्या तांबड्या पेशींच्या द्रावणातच सापडली. त्यातले हिमोग्लोबिन आड येत होते म्हणून त्यांनी ते द्रावण चक्क उकळले. हिमोग्लोबिन चिखलासारखे खाली बसले आणि हवा असलेला घटक वरच्या पाण्यात शाबूत राहिला. त्यातले अर्विन रोझ हे स्वतः तांबड्या पेशींतील हेक्सोकायनेज या विकरावर वर्षानुवर्षे काम केलेले विकरतज्ज्ञ होते.

एक काळजी मात्र घ्या. संमतिपत्र गुजरातीत छापले म्हणजे काम झाले असे नाही. छोटा उदेपूरकडे घरांत राठवी बोलतात, नर्मदेकडे वसावी. समजावून सांगणारा माणूस त्या बोलीतला हवा. आणि अहवाल घरी परत गेला पाहिजे, कोणती औषधे टाळायची याच्या चिठ्ठीसकट. आमच्याकडच्या एका जुन्या प्रकल्पात तो गेला नव्हता. दुसऱ्या फेरीला गेलो तेव्हा गावाने दारे लावून घेतली, आणि ते योग्यच होते.

---

सूरसागरकाठची

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टरसाहेबांचा प्रश्न मी काल मार्गदर्शकांना विचारला. जनुकीय बदल पाहण्याची तरतूद प्रकल्पात आहे, परंतु फक्त ज्यांची क्रिया कमी येईल त्यांच्याच नमुन्यांसाठी. वाहक स्त्रिया यातून निसटतील, असे मी म्हटले तेव्हा ते जरा थांबले आणि म्हणाले, "हे लिहून आण." अहवाल घरोघरी पोहोचवण्याचा खर्च अंदाजपत्रकात नव्हता, तो घालायला त्यांनी होकार दिला आहे. आजीला डांबराच्या गोळ्यांचे वाचून दाखवले. ती काही बोलली नाही, पण संध्याकाळी आत्याच्या मुलीला, जिचे दिवस भरत आले आहेत, फोन लावून बसली होती.

मी जागा स्वीकारते आहे. पहिली फेरी पावसाळा संपल्यावर आहे. बाई, पेटी कशी भरायची ते सांगाल का?

---

बर्फाची पेटी

सांगते. जेलच्या पिशव्या निघण्याआधी फ्रीजरमधून काढून टेबलावर ठेवाव्यात आणि त्यांच्या अंगावर घाम सुटून आतले जेल हलू लागेपर्यंत वाट पाहावी. तळाशी पिशव्या, त्यांवर जाड पुठ्ठा, पुठ्ठ्यावर दुमडलेला टॉवेल, मग स्टँडमध्ये उभ्या नळ्या. नळी पिशवीला कुठूनही टेकता कामा नये. नळ्यांच्या शेजारी एक थर्मामीटर ठेवावा आणि दर तासाला वहीत आकडा लिहावा; दोन ते आठ अंशांच्या बाहेर गेला तर तेही लिहावे, लपवू नये. पेटीत एक नळी स्वतःच्या रक्ताची ठेवावी, सकाळी प्रयोगशाळेतच काढलेली, आणि तिची जोडीदार नळी प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये. परत आल्यावर आधी त्या दोन मोजाव्यात. दोन्हींचे आकडे जुळले, तरच गावाचे नमुने हातात घ्यावेत.

आणि पहिल्या फेरीला चाळीस नकोत, बारा पुरेत.